झाकणात न मावलेला जावई

आमच्या टीमच्या मॅनेजरांना ऑफसाइड म्हणजे काय ते शेवटपर्यंत कळलं नाही. एकदा त्यांच्या ओट्यावर बसून मी त्यांना ते चहाचे कप आणि बिस्किटं मांडून समजावलं होतं. हे दोन कप म्हणजे बचाव, ही किटली म्हणजे गोलकीपर, आणि हे कपांच्या पलीकडे गेलेलं बिस्कीट ऑफसाइड. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, ऑफसाइडचं बिस्कीट उचललं, चहात बुडवून खाल्लं आणि म्हणाले, "आता नाय ना राहिला?" त्या दिवसापासून मी तो नाद सोडला.

फुटबॉलला त्यांनी जन्मात कधी पाय लावला नव्हता. होळी गावात त्यांची केळीची आणि पानवेलींची वाडी होती, आणि मॅचला येताना ते विड्याच्या पानांची टोपली घेऊन येत. खेळ सुरू झाला की मैदानाच्या कडेला पोतं अंथरायचं, मैदानाकडे पाठ करून बसायचं आणि पानं निवडायची. डागाळलेलं इकडे, कोवळं तिकडे. मागे काय चाललंय ते त्यांना समोरच्या लोकांच्या तोंडांवरून समजे. गोल झाला की वर न बघताच विचारत, "कोनी मारला?" नाव कळलं की मान हलवून पुन्हा पानांत डोकं घालत.

"काका, एकदा तरी वळून बघा की!" मी म्हणायचो.

"नाय रे बाबा. खेळ बघायला लागलो तर मानूस आवडायला लागतो. आनी मानूस आवडला की पैसे जास्त जातात."

गावात सगळे त्यांना मॅनेजर म्हणत, मी काका म्हणायचो. आणि मॅनेजर म्हणजे ते खरंच काय मॅनेज करत, हे समजायला आमच्या लीगचं झाकण समजून घ्यावं लागेल.

वसईत तेव्हा गावागावांच्या टीमची एक लीग चालायची. गणपतीनंतर सुरू व्हायची आणि नाताळाच्या आत संपायची. खेळाडूंना पैसे मिळायचे. सुरुवातीला चहापाण्यापुरते मिळायचे, मग ईर्ष्या वाढली आणि मुंबईहून, गोव्याहून माणसं आणायला सुरुवात झाली. एका गावाने तर खेळाडूंचे पैसे भागवायला मैदानाच्या कडेची नारळाची झाडं विकली. पुढच्या वर्षी चेंडू अडवायला झाडंच उरली नाहीत आणि निम्म्या मॅचमध्ये चेंडू विहिरीतून काढण्याचं काम चालू राहिलं. तेव्हा लीगच्या सभेत आमचे मॅनेजर उठून उभे राहिले आणि म्हणाले, "टोपाला झाकन नसला की उतू जातंच. झाकन घाला." लीगचे अध्यक्ष चर्चचे फादर होते. त्यांना ते पटलं. ठरलं की एका टीमने एका हंगामात सगळ्या खेळाडूंना मिळून पंचवीस हजारांच्या वर द्यायचं नाही. रोख असो नाहीतर वस्तू असो, सगळं धरायचं. पैसे हंगामाच्या आधीच चुकते करायचे, दिलेले परत घ्यायचे नाहीत. आणि ज्या खेळाडूला काही दिल्यामुळे मर्यादा ओलांडली जाईल, त्याने त्या वर्षी पुढे खेळायचं नाही. फादर तिला मर्यादा म्हणत. बाकी अख्खा तालुका झाकण म्हणे.

झाकण आलं आणि सगळ्या टीमच्या सेक्रेटऱ्यांची तोंडं आंबट झाली. आमच्या मॅनेजरांना मात्र उधाण आलं. ते आधी नुसते वाडीवाले होते, आता त्यांच्यातला कलावंत जागा झाला. पंचवीस हजारांत पंधरा माणसं बसवायची म्हणजे, त्यांच्या भाषेत, एका पाटीत सगळा बाजार न्यायचा.

माझी भरतीही झाकणामुळेच झाली. मी मूळचा साताऱ्याकडचा, नोकरी फोर्टातल्या विमा कंपनीत, आणि वसईत नवा फ्लॅट घेऊन नुकताच राहायला आलेला. एका रविवारी हाफ पँटीत त्यांच्या वाडीवर केळी घ्यायला गेलो. त्यांनी केळ्यांआधी माझे पाय बघितले.

"पाय बरे हायत. फुटबॉल खेळतो?"

"कॉलेजात खेळायचो."

"किती घेशील?"

"पैसे? छे छे! हौस म्हणून खेळेन."

त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं माझ्यात काहीतरी दैवी गुण दिसला. दीड डझन केळी मागितली तर त्यांनी दोन डझन दिली. पुढे कळलं की ती वरची सहा केळी त्यांनी माझं वर्षाचं मानधन म्हणून फादरना रीतसर सांगितली होती. फादर म्हणाले, "अहो, केळी कसली धरता?" तर म्हणाले, "झाकन मीच मागितला. मीच फटीतून सांडवू लागलो तर कसा व्हायचा?" आपली बाजारातली किंमत किती, हे इतक्या स्पष्टपणे फार कमी लोकांना कळतं. मला कळली.

खेळाडू निवडण्याचे त्यांचे नियम कुठल्याही प्रशिक्षकाने ऐकले असते तर त्याने शिट्टी गिळली असती. गोलकीपर मोठ्या कुटुंबातला घ्यावा, कारण सात भावंडांत भाकरी हवेतच पकडावी लागते. बचावाला लग्न झालेला माणूस घ्यावा, त्याला मागे बघायची सवय असते. कडेने धावणारा हवा असेल तर रोज उशिरा उठणारा बघावा, जन्मभर तो काही ना काही गाठायला धावतच असतो. आणि सौदा कधीच खेळाडूशी करू नये, त्याच्या आईशी करावा. "पोरगा आपला भाव वाढवून सांगतो. आई खरा सांगते, ती त्याला रोज उठवते ना!" गंमत म्हणजे या नियमांनी आणलेली माणसं चांगली निघत. आमचा गोलकीपर नऊ भावंडांतला होता आणि चेंडू पोटाशी धरला की परत द्यायलाच तयार नसे. रेफरीला त्याला समजवावं लागे.

त्यांचं सगळ्यात गाजलेलं वाक्य केळीचं. "एका केळीला एकच घड." केळ एकदा व्याली की तिला तोडायची आणि बुडाशी आलेल्या मुनव्यांकडे, म्हणजे पिलांकडे, लक्ष द्यायचं, हे वाडीतलं साधं तत्त्व. त्यांनी ते टीमला लावलं. आमचा पास्कू एका वर्षी सुटला होता, ज्या मॅचमध्ये बघावं तिथे गोल. हंगाम संपल्यावर लोकांनी त्याची खांद्यावरून मिरवणूक काढली आणि दुसऱ्याच दिवशी मॅनेजरांनी त्याला सोडला. गावात बोंबाबोंब झाली. दोन बायकांनी त्यांच्याकडून पानं घेणं बंद केलं. खाडीपलीकडच्या टीमने, म्हणजे आमच्या पक्क्या वैऱ्यांनी, पास्कूला दुप्पट देऊन उचलला. त्यात त्यांचं अर्धं झाकण भरलं. पास्कूचा त्या वर्षी जो गुडघा धरला तो धरलाच. तो बिचारा बाकावर बसून शेंगा खायचा आणि आमचे मॅनेजर मध्यंतरात टोपली ठेवून त्याच्याजवळ जाऊन बसायचे, घरच्यांची चौकशी करायचे. "तू गुनाचा हायस," ते त्याला सांगत, "पन घड झाला तुझा." पास्कूही हसून म्हणे, "बरोबर हाय, मॅनेजर."

एवढं सगळं करूनही आम्ही कप कधी जिंकला नव्हता. दोनदा फायनलला पोचलो, दोनदा हरलो. दोन्ही वेळा त्यांना ते लोकांच्या तोंडांवरून कळलं, आणि दोन्ही वेळा त्यांनी पुढचे आठ दिवस वाडीत कुणालाही येऊ दिलं नाही. त्यांना कपाची किती ओढ होती ते मला तेव्हा दिसलं.

पास्कूच्या जागी मुनवा म्हणून आला तो गास गावचा भास्कर. कारखान्यात फिटर, बोलायला कमी, आणि डोक्याने चेंडू असा मारायचा की गोलकीपरने अंग चोरावं. दोन वर्षांत तो तालुक्यातला सगळ्यात महाग खेळाडू झाला. खाडीपलीकडच्यांनी त्याच्यासाठी जागा करायला तीन माणसं सोडली आणि त्याच्या आईकडे निरोप पाठवला. त्यांनी सांगितलेला आकडा आमच्या झाकणात कसाही कोंबला तरी बसत नव्हता. केळीच्या तत्त्वाप्रमाणे त्याला सोडायला हवं होतं. पण मॅनेजरांनी त्याच्या बाबतीत एक चूक केली होती. त्यांनी एकदा वळून त्याचा खेळ बघितला होता.

महिनाभर ते नुसती पानं निवडत राहिले. मग एका संध्याकाळी मला ओट्यावर बोलावून म्हणाले, "मला एक सांग. जावई सासऱ्याकडून पगार घेतो काय?"

"नाही बुवा. बरं दिसत नाही ते."

"बरोब्बर!" असं म्हणून त्यांनी मांडीवर अशी थाप मारली की आतून काकू बाहेर आल्या.

त्यांची मुलगी सुमन तेव्हा लग्नाची होती. बी.कॉम. झालेली, पापडी गावच्या पतपेढीत नोकरी, जिभेला धार. हे स्थळ जबरदस्तीचं होतं असं मात्र कुणी म्हणू नये. सुमनने भास्करला मैदानावर पाहिलेलं होतं, आणि तिने बापासारखी मैदानाकडे पाठ केलेली नव्हती. तिने लगेच होकार दिला. भास्करचे कान तर चार दिवस लाल होते. मे महिन्यात लग्न झालं, खाडीपलीकडचे हात चोळत बसले. भास्कर जावई म्हणून फुकट खेळू लागला आणि त्याच्या मोकळ्या झालेल्या पैशांत मॅनेजरांनी विरारहून बचावाचे दोन उंच खेळाडू आणले. झाकण सफाईने बसवण्याचा असा नमुना तालुक्याने पाहिला नव्हता.

फक्त लग्नातच कुणीतरी रुखवतापाशी उभं राहून म्हणालं, "पोरगी दिली आनी सेंटर फॉरवर्ड घेतला!" मांडवभर हशा पिकला. सुमन हार घालून उभी होती, तिने ते ऐकलं. सासरी गेल्यावर तेच वाक्य तिच्या आधी पोचलेलं होतं. तिच्या सासूचंही दुखणं खरंच होतं. मुलाचे दर हंगामाला घरी येणारे पैसे लग्नामुळे बंद झाले होते. "आमचा पोरगा फुकटात नेला तुझ्या बापाने," असं ती भाकरी थापता थापता म्हणायची. सुमन कुणाचं ऐकून घेणारी नव्हती, पण हे वाक्य आलं की कळशी उचलून पाण्याला निघून जायची.

खाडीपलीकडच्यांनी त्यातच फादरकडे तक्रार केली. जावयाला सासरा काही ना काही देणारच, मग ते झाकणात का धरायचं नाही? फादरनी दोन दिवस विचार केला आणि निवाडा दिला. जावयाने सासऱ्याच्या घरी बसून जे खाल्लं तो पाहुणचार. घराबाहेर जे नेलं ते मानधन.

मॅनेजर अजिबात डगमगले नाहीत. त्यांनी पहिल्या दिवाळीच्या दिवाळसणाची अंगठी आधीच हिशेबात धरून झाकणात तेवढी जागा मोकळी ठेवली होती. बाकी सगळं वाटून टाकलं, हंगाम सुरू झाला, आणि आम्ही मॅचवर मॅच जिंकत सुटलो. मी बहुतेक बाकावरून जिंकलो.

आणि एके दिवशी काकूंनी भिंतीवरचं कॅलेंडर उलटलं. त्या वर्षी आश्विन अधिक आला होता. लग्नानंतरचा पहिला अधिक महिना म्हणजे जावयाला तेहतीस अनारशांचं वाण आणि चांदीचं निरांजन द्यायलाच हवं. मॅनेजरांनी दिवाळी धरली होती, दसरा धरला होता, पण अख्खा एक महिनाच धरायचा राहिला होता! काकूंनी हौसेने चांगलं जाडजूड निरांजन सोनाराकडून परस्पर आणूनही ठेवलं होतं. मॅनेजरांनी ते हातात घेऊन वजन बघितलं आणि खांबाला टेकून खाली बसले. "अंगठीची जागा गेली," एवढंच म्हणाले.

"निरांजन आपलं माझ्याकडे ठेवू या," मी सुचवलं. "नाताळानंतर देऊ."

"पहिल्या अधिकाचं वाण नाताळात?" काकू कडाडल्या. "फादरना विचारून देवाची पूजा करायची काय आता?"

निरांजन दिलं आणि फादरना सांगितलंही. उरले अनारसे. ते घराबाहेर गेले तर मानधन, आणि झाकणात आता साखरेच्या दाण्याचीही जागा नव्हती. जावयाचं वाण दुसऱ्याने खायचं नाही हा काकूंचा दंडक. महिना संपायला एक दिवस उरलेला, आणि दुसऱ्या दिवशी सेमीफायनल.

"मामा," भास्कर काकुळतीने म्हणाला, "उद्या मॅच आहे."

"म्हनून तर आजच खा."

भास्कर दुपारी पाटावर बसला तो दिवेलागणीला उठला. पहिले दहा त्याने आवडीने खाल्ले. पुढचे दहा नात्याखातर खाल्ले. त्यानंतर तो खिडकीबाहेर बघत चावत होता. मध्ये एकदा त्याला मी वाडीत फिरवून आणलं, तर मॅनेजर मागून ओरडले, "खिशात काय नाय ना त्याच्या?" शेवटचा अनारसा संपला तेव्हा काकूंनी दृष्ट काढली.

दुसऱ्या दिवशी तो मैदानात उतरला, म्हणजे त्याला उतरवला. धावणं सोडाच, तो वळायलाही वेळ घेत होता. गोलसमोर जाऊन उभा राहिला आणि तिथून हलेचना. बचाववाले त्याच्याभोवती नाचून नाचून दमले. शेवटी आमच्या एकाने मारलेला चेंडू भास्करच्या पोटावर आपटला, आणि त्या पोटात तेहतीस अनारसे असल्यामुळे तो जो उसळला तो थेट जाळ्यात. एक शून्य. लोक इतके हसत होते की मॅनेजरांना तोंडांवरून काहीच उमगेना. "झाला काय? कोनी मारला?" ते विचारत राहिले.

"मामींनी मारला," भास्कर पोट धरून म्हणाला.

आम्ही फायनलला गेलो. समोर खाडीपलीकडचेच. गावात गुलाल उडाला. पण त्याच संध्याकाळी ओट्यावर जे झालं ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. सुमन नवऱ्याला ओवा-पाणी देऊन बाहेर आली आणि बापासमोर उभी राहिली.

"बाबा, काल तुम्ही जावयाला वाण दिलंत की वजनकाट्यावर बसवलंत?"

ते हसले. ती हसली नाही.

"माझ्या लग्नात लोक काय म्हणाले ते तुम्हीही ऐकलंत. सासूबाई रोज ऐकवतात. तुम्ही फक्त एकदा म्हणा की ते खोटं आहे. मी तेवढंच जाऊन सांगेन."

मी मनात म्हणालो, काका, म्हणून टाका! एक शब्दाचा तर प्रश्न आहे. पण ते हळू आवाजात म्हणाले, "घर चांगला होता, पोरगा चांगला होता, तुला आवडला होता. आनी झाकनात जागा पन झाली. सगळाच खरा हाय, सुमे."

सुमनचे डोळे भरले. "ठीक आहे," ती म्हणाली. "दिवाळीला येईन, कारण यावंच लागतं. पण सण असल्याशिवाय यापुढे या घरात पाय ठेवणार नाही." भास्करच्या मोटरसायकलवर बसून ती निघून गेली. काकूंनी आत जाऊन दार लावून घेतलं. मॅनेजर टोपली ओढून पानं निवडायला बसले, पण चांगली पानंही डागाळलेल्यांत टाकत होते. मला फार वाईट वाटलं, आणि त्यांचा रागही आला.

फायनल दिवाळीनंतरच्या रविवारी होती. दिवाळसणाचं काय करायचं यावर गावात जो तो सल्ला देऊ लागला. सगळ्यांचं एकच, की अंगठी फायनलनंतर द्या. आठवडाभराचाच तर प्रश्न. खुद्द भास्करनेच निरोप पाठवला की मामा, मला अंगठी नको, मला फायनल खेळू द्या. आणि सुमनच्या सासूचंही म्हणणं कुणीतरी आणून पोचवलं होतं. "बघू या, सुनेचा बाप दिवाळीला कप बघतो की लेक बघतो."

पाडव्याच्या दुपारी लेक-जावई आले. ओटा भरलेला होता. मी होतो, टीमचे चारपाच जण होते, आणि फराळाला फादरही आले होते. दरवर्षीच यायचे. सुमन पाहुणीसारखी कडेला बसली होती. भास्करला ओवाळून झालं. मग मॅनेजरांनी सदऱ्याच्या खिशातून लाल डबी काढली.

गोलकीपरच्या हातातला लाडू तसाच राहिला. फादरनी प्रसंग ओळखला आणि घाईघाईने ताटातली चकली निरखू लागले.

"फादर," मॅनेजर म्हणाले, "इकडे बघा."

"मी चकली खातोय."

"चकली मागून खावा. पाऊन तोळ्याची अंगठी हाय. जावयाला देतो."

"अहो मॅनेजर," फादर कळवळून म्हणाले, "मी काही पाहिलं नाही. कुणी मला विचारलं नाही. रविवारी फायनल आहे."

"ठाव हाय मला. म्हनून तर तुमच्या समोर देतो. मागाहून कोन बोलायला नको का सुमनच्या बापाने दिवाळसन लपवून दिला."

"मामा, नको!" भास्करने हात मागे घेतला. मॅनेजरांनी तो ओढून पुढे घेतला आणि अंगठी चढवली. ती जरा घट्ट होती, अनारशांनी बोटंही फुगली असावीत. खुर्चीतल्या खुर्चीत आमचा सेंटर फॉरवर्ड हंगामातून बाद झाला. मी सुमनकडे बघितलं. ती बापाकडे बघत होती, ओळखीच्या माणसाला पहिल्यांदा बघावं तसं. संध्याकाळी दोघं गासला परत गेली.

फायनलला भास्करच्या जागी मी खेळलो. दुसरं कुणी उरलंच नव्हतं. त्या मॅचबद्दल मी थोडक्यात सांगतो. मी चेंडूला चारदा पाय लावला, त्यातल्या तीनदा समोरच्यांनी माझे आभार मानले. एकदा मी एकटाच गोलसमोर पोचलो होतो, अख्खं मैदान उभं राहिलं, आणि मी माझ्याच बुटाच्या नाडीत अडकून पडलो. भास्कर कडेला उभा राहून अंगठीचा हात कपाळावर मारत होता. चार शून्यने हरलो. खाडीपलीकडच्यांनी कप नाचवत नेला, आणि जाताना त्यांच्यातला एकजण मला म्हणाला, "फार छान खेळलात."

संध्याकाळी मी लंगडत मॅनेजरांच्या ओट्यावर गेलो. वाटलं होतं की आता आठ दिवस फाटक बंद. पण ते ओट्यावरच बसले होते, हातात पानं नाहीत, काही नाही. मी माफी मागायला तोंड उघडलं तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली आणि सुमन उतरली. एकटीच. हातात कपड्यांची पिशवी.

मॅनेजर धडपडत उठले. "काय झाला? घरी भांडन झाला?"

"नाही."

"मग आज सन कुठला हाय?"

"कुठलाच नाही." ती पायरीवर बसली. "सासूबाईंनी पाठवलं. म्हणाल्या, दोन दिवस राहून ये, माणूस हरलाय आज."

आतून काकू दाराशी आल्या आणि पदर तोंडाला लावून तिथेच उभ्या राहिल्या.

"किती गोल खाल्ले?" सुमनने विचारलं.

"चार."

"आणि हे खेळले असते तर?"

"तर जिंकलो असतो," मॅनेजर म्हणाले. खोटं त्यांना तेव्हाही बोलता आलं नाही.

"मग?"

"मग तू आज आली नसतीस."

सुमनने मान खाली घातली. मग तिने डोळे पुसले, नाक ओढलं, आणि बापाचा सदरा ओढून त्याला आपल्या शेजारी पायरीवर बसवलं. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं आणि उठवतही नव्हतं.

"दिवाळसण एकदाच असतो," ती शेवटी म्हणाली. "पुढच्या वर्षी मला कप पाहिजे बाबा. काही सबब सांगायची नाही."

"देतो," ते म्हणाले. मग कितीतरी दिवसांनी ते खुलून हसले, माझ्याकडे वळले, आणि माझ्या खांद्यावर प्रेमाने हात ठेवून म्हणाले, "ऐकलास ना? तुला सोडला."